न कापलेली लाइन

६ सप्टेंबर

प्रिय हॅलोबा,

नमस्कार, आणि वहिनींनाही सांग. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, मग चष्मा पुसशील, मग वहिनींना हाक मारशील, हे मला इथे बसून दिसतंय. घाबरू नकोस. पैसे मागायला लिहीत नाही आणि दुखणंही कळवायचं नाही.

फोन का केला नाही म्हणशील. बाबा रे, तू तीस वर्षं एक्स्चेंजात लाइनींच्या टेस्टवर बसून, दिवसभर हॅलो हॅलो करत, नुसत्या खरखरीवरून लोकांच्या लाइनींचे बिघाड ओळखलेस. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे डॉक्टरसमोर जीभ काढून बसायचं. त्यापेक्षा कागद बरा.

माझी तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण जुन्या खांबांवर चढउतार करून झिजलेत, त्यांना बोलायचा हक्क आहे. हिला आता काही त्रास नाही. घर तेच, तिसरा मजला, समोर तेच कपडे इस्त्री करणाऱ्याचं दुकान. जिन्यातला दिवा गेलाय आणि तो कोणी बदलायचा यावर चार घरांचं एकमत होत नाहीये.

आता कामाचं. फेब्रुवारीत मी इंटरनेटची कंपनी बदलली. म्हणजे आपली, जिथे जन्म घालवला ती टेलिफोनची, सोडली. लाज वाटली, पण काय करणार, हिला पडल्या पडल्या टॅबलेटवर जुने सिनेमे बघायचे असत आणि आपल्या तांब्याच्या तारेवर नायक तोंड उघडून तसाच राहायचा. ही म्हणायची, त्याला आधी कोणी पाणी तरी द्या. मग टाय लावलेला एक गृहस्थ दारात आला, त्याने काचेच्या तारेची जोडणी दिली, दोन तासांत सिनेमा पळायला लागला. मी आपल्या कंपनीत रीतसर अर्ज नेऊन दिला की माझी जोडणी बंद करा. पोच आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट.

पुढच्या महिन्यापासून बिल बंद झालं. म्हटलं, सुटलो. जुना राऊटर उचलून माळ्यावर टाकायला गेलो तर त्याचा दिवा हिरवा. आठ दिवसांनी बघितलं, हिरवा. महिन्याने हिरवा. आज सात महिने होत आले, हॅलोबा, हिरवाच आहे.

काय झालंय ते तुला सांगायला नको. कोपऱ्यावरच्या तारांच्या कॅबिनेटमधला माझा जंपर, ती वीतभर वायर, कोणी ओढून काढलेलीच नाही. कागदावर मी गेलो, तारेवर आहे. आता म्हणे सगळं ठेक्यावर चालतं. जोडणी केली की पैसे मिळतात, काढली तर मिळत नाहीत. मग कोण कशाला कॅबिनेटपर्यंत पाय झिजवील?

म्हणजे सात महिने मी फुकट वापरतोय. मी! बिल थकलेल्यांच्या हजारो लाइनी या हातांनी कापल्या, कुणाची परीक्षा बघितली नाही, कुणाचं बाळंतपण बघितलं नाही. यादी म्हणजे यादी. तुम्ही लोक मागून मला कात्री म्हणायचात, मला काय माहीत नव्हतं होय? आणि आता मीच चोर. राऊटरवर रुमाल टाकून ठेवलाय, पण दिवा रुमालातूनही दिसतो.

दोनदा कंपनीला फोन लावला. आधी यंत्र बोललं, एक दाबा, दोन दाबा. मग एक मुलगी आली. ती म्हणाली, तुमचं खातंच आमच्याकडे नाही. मी म्हटलं, पण लाइन चालू आहे. ती म्हणाली, ते शक्यच नाही, तरी तक्रार नोंदवू का? मी फोन ठेवला. नंतर त्यांच्या दुकानातही जाऊन आलो. पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर आला तेव्हा मागच्या बाईला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. आणि बाहेर पडलो.

बिल लावतील, दंड लावतील, नोटीस येईल, निवृत्तिवेतनातून कापून घेतील, असलं सगळं डोक्यात फिरत राहतं. जेवण जात नाही. तू म्हणशील, राऊटर बंद कर आणि शांत बस. अरे, पण तो बंद केला तर लाइन आहे की गेली हे मला कळणार कसं?

तर एवढंच कर. तुला अजून आठवड्यातून दोनदा जुने नकाशे समजावून द्यायला ऑफिसात बोलावतात असं ऐकलं. बंद करायच्या लाइनींची यादी निघत असेल, तीत माझा नंबर आहे का बघ. असला तर कधीचा आहे ते कळव. नसला तर कुणाजवळ काही बोलू नकोस. हे मी म्हणतोय याचं तुला हसू येईल. येऊ दे.

पत्र काल लिहिणार होतो. पण काल गुरुवार होता, महिन्याचा पहिला. नको वाटलं.

तुझा,
कात्री


२२ सप्टेंबर

प्रिय हॅलोबा,

तुझं पत्र पोचलं. इतक्या लवकर उत्तर देशील असं वाटलं नव्हतं. मागे मी तुझ्याशी जसा वागलो त्यावरून तू पत्र टराटरा फाडलं असतंस तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

तू लिहितोस, वेडा आहेस का, अर्जाची झेरॉक्स घे, दुकानात जा, राऊटर त्यांच्या टेबलावर ठेव आणि मोकळा हो. सात महिन्यांचं बिल ते लावणार नाहीत, कारण चूक त्यांची आहे. बरोबर आहे. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. यादीत नंबर नाही पण आख्खं कॅबिनेटच नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होणार, तांबं उपटून नेणार, हेही कळलं. उपकार झाले.

आणि शेवटी तू एक ओळ लिहिलीस: "बायको म्हणते, वहिनींना एकदा फोन दे, आवाज ऐकून किती वर्षं झाली."

ही गेली रे. एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला, इस्पितळात, सकाळी साडेनऊला. मी खाली चहा प्यायला गेलो होतो. मागच्या पत्रात लिहायला घेतलं होतं, लिहिलं की तिला आता त्रास नाही, आणि हात पुढे सरकेना. वहिनींना तूच सांग. मला जमणार नाही.

आता सगळंच सांगतो, म्हणजे लाइनीचं कोडं तुला सुटेल.

आपला शिडी तुला आठवतो. शिडी न घेता खांबाला हात पुरायचा म्हणून तूच नाव ठेवलंस. माझा एकुलता एक पोरगा, माझ्याच हाताखाली ठेक्यावर लागलेला. आणि बाकीचंही तुला आठवतं. बंद करायच्या यादीतल्या सहा लाइनी त्याने कापल्याच नव्हत्या. कुणी एकटी म्हातारी, कुणी अपंग, रडले-भेकले की हा विरघळायचा आणि जंपर तसाच ठेवून यादीवर टिक करून यायचा. कॅबिनेट उघडल्यावर मला दिसलं. मी घरी त्याला विचारलंसुद्धा नाही. सरळ ऑफिसात बसून माझ्या हाताने रिपोर्ट लिहिला आणि तुझ्याकडून पुढे जायचा म्हणून तुझ्या टेबलावर ठेवला. तू म्हणालास, फाड तो कागद, पोरगा आहे तुझा. मी म्हटलं, तू तुझं काम कर. त्यानंतर आपण बोललो नाही.

त्याची नोकरी गेली. त्याच आठवड्यात घरही सोडलं. जाताना माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "तुम्ही आहात तोवर या दारात पाय ठेवणार नाही." ही दारात उभी होती. तिने त्याला अडवलं नाही आणि मला नंतर एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी एकदा मी बाहेर पडलो आणि पाकीट विसरलं म्हणून जिन्यातून परत आलो. दाराआड ही हसत होती. इतकी हसताना मी तिला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "अरे, वरण उतू जाईल, गॅस बारीक कर आधी." मी तिथेच, पायरीवर, उभा राहिलो. तिला सर्दी झाली होती तरी खणखणीत आवाज काढून बोलत होती.

तो महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चार वाजता लँडलाइनवर फोन करायचा. मी तेव्हा दवाखान्यात रक्तदाब तपासायला जायचो. नंतर रक्तदाब तपासायची गरज उरली नाही, तरी मी पहिल्या गुरुवारी पावणेचारला चपला घालून निघायचो आणि पाच वाजून गेल्यावर यायचो. काहीतरी कारण सांगायचं म्हणून सांगायचो, चपलेचा अंगठा शिवायचाय, चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. नऊ वर्षांत इतक्या वेळा अंगठा तुटलेली चप्पल जगात दुसरी नसेल. ही म्हणायची, सावकाश या. बस, एवढंच. मला माहीत आहे हे तिला माहीत होतं का, कोण जाणे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

त्याचा नंबर, पत्ता माझ्याजवळ नाही. हिच्या कपाटात, डब्यात, पुस्तकात, सगळीकडे शोधलं. तिने कुठेच लिहून ठेवला नव्हता. तोच करायचा, ती करत नसे. घरात इंटरनेटच्या दोन-दोन जोडण्या असून पोरगा सापडत नाही. नंबर दिसणारं यंत्र आहे माझ्याकडे, ते जुलैत लावून बघितलं. तो इंटरनेटवरून लावत असणार, नुसती शून्यं आली.

त्याच्याजवळ फक्त हा नंबर आहे. लहानपणी पाठ केलेला. आणि तो मी फेब्रुवारीत घालवला.

कसा घालवला ते ऐक आणि शिव्या घाल. बंदच्या अर्जात खाली दोन चौकोन असतात, नंबर पुढे चालू ठेवायचा की परत द्यायचा. आपण लोकांचे अर्ज भरून द्यायचो तेव्हा डोळे मिटून "परत"वर टिक करायचो, कारण चालू ठेवायचा म्हटलं की आणखी तीन कागद. तेहेतीस वर्षं तीच टिक. दुकानात उभ्या उभ्या अर्ज भरला, हिचं औषध आणायची घाई होती, आणि हात आपोआप त्या चौकोनात गेला. घरी येईपर्यंत लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा दुसऱ्या दिवशी धावत गेलो, तर म्हणाले नंबर जमा झाला, आता काही होत नाही. हिला मी सांगितलं नाही. मार्चच्या पहिल्या गुरुवारी जिन्यातच थांबलो आणि चारला फोन वाजला, तेव्हा कळलं की नंबरही अजून जिवंत आहे. तेव्हापासून दिवा बघत बसतो. मला बिलाची भीती आहे, खोटं नाही सांगत. पण बिल भरायला गेलो की ते लाइन शोधणार आणि शोधली की कापणार.

मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, ही जाऊन चार दिवस झाले होते, फोन वाजला. मी काय केलं असेल सांग. चपला घातल्या आणि फिरायला गेलो. खालच्या मजल्यापर्यंत घंटा ऐकू येत होती.

जून, जुलै, ऑगस्ट, आणि परवाचा सप्टेंबर. पाच वेळा. आता बाहेर जात नाही, फोनसमोर खुर्ची घेऊन बसतो आणि तो वाजत राहतो. उचलायचा आणि म्हणायचं, बाबा बोलतोय, आई गेली. चार शब्दांचं काम आहे. मी अंधारात, वाऱ्यात, चाळीस फुटांवर लोंबकळून तारा जोडल्यात आणि मला रिसीव्हर उचलता येत नाही.

त्याला संशय येत नसेल, कारण मागे माझा पाय मोडला होता तेव्हा मी चार महिने फोनशेजारच्या खाटेवरच पडून होतो आणि तिने तेव्हाही उचलला नव्हता. तिच्या आजाराचं त्याला ठाऊक नाही. तिने त्याला कधी सांगितलंच नाही.

कॅबिनेट नोव्हेंबरात जाणार म्हणतोस. म्हणजे ऑक्टोबरचा गुरुवार नक्की आहे. या वेळी उचलतो. तुला लिहून देतो म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

तुझा,
जुना सोबती


८ नोव्हेंबर

हॅलोबा,

तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. मोबाइलवर तुझा फोन आला तोही घेतला नाही. रागावू नकोस. वहिनींनी हिच्याबद्दल जे चार शब्द लिहिले ते वाचून झालेत, घडी करून ठेवलेत.

तू विचारतोस, उचललास का? उचलला.

तीन ऑक्टोबर, चार वाजले. तिसऱ्या घंटेला उचलला. कानाला लावला आणि तोंड उघडणार तोच तिकडून तो म्हणाला, "आई?" अकरा वर्षांनी आवाज ऐकला. जाडसर झालाय. तो पुढे म्हणाला, किती महिने उचलला नाहीस, बाबांचा पाय परत मोडला की काय. आणि हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरात आहेत का? असतील तर टिचकी मार."

त्यांचं तसं ठरलेलं असणार, हॅलोबा. मी घरात असलो की ती नुसती ऐकायची आणि रिसीव्हरवर नखाने टिचकी मारायची. सुरुवातीच्या त्या दोन वर्षांत, दवाखाना बंद असेल त्या गुरुवारी, मी कितीदा पेपर वाचत त्या खोलीत असेन आणि ही भिंतीकडे तोंड करून टिचक्या मारत असेल.

मी टिचकी मारली.

का मारली ते मला विचारू नकोस. तोंडाने बोलता येत नव्हतं आणि बोटाने आलं, इतकंच सांगता येईल. तो म्हणाला, बरं, मग मीच बोलतो, तू ऐक. आणि बोलत राहिला. फ्रिज दुरुस्तीचं काम करतो, आता स्वतःचं दुकान टाकायचं म्हणतोय. घर बदललंय, वरचा मजला आहे, दुपारी तापतं. पोरीचा पुढचा दात पडला आणि तो तिने कुणालाच दाखवला नाही, डबीत लपवून ठेवला. मला नात आहे, शाळेत जाते, हे मला असं कळलं. मध्येमध्ये तो विचारायचा, ऐकतेस ना? की मी टिचकी मारायचो. सात-आठ वेळा मारली असेल. माझ्या आयुष्यात इतकी सुखाची दहा मिनिटं क्वचित गेली असतील, आणि ती माझी नव्हती, तिची होती. फुकट वापरली.

शेवटी ठेवायची वेळ आली. मग म्हणाला, "बाबा कसे आहेत? बरे असतील तर एक, नसतील तर दोन."

मी एक मारली.

तो म्हणाला, "बरं." आणि वर म्हणाला, "मी विचारलं म्हणून सांगू नकोस त्यांना."

दर वेळी विचारत असेल का रे? नऊ वर्षं हा विचारत होता आणि ही बरे आहेत म्हणून सांगत होती, आणि मी चांभाराकडे बसलो होतो. तिने मला सांगितलं नाही, कारण त्याने सांगू नकोस म्हटलं होतं. दोघंही शब्दाचे पक्के. त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात पोरीला तुझ्याशी बोलायला लावतो, तेवढं बाबा बाहेर जातील असं बघ. आणि ठेवला.

तुला वाटेल, लाजेने पत्र लिहिलं नसेल. नाही. महिनाभर मी खूश होतो. वेड्यासारखा खूश होतो. जिन्यातला दिवा मीच आणून बसवला. इस्त्रीवाल्याला सांगितलं, मला नात आहे. सात नोव्हेंबरला सांगायचं ठरवलं होतं. आधी पोरीचा आवाज ऐकायचा आणि मग सांगायचं. वाक्य लिहून फोनखाली ठेवलं होतं.

पाच तारखेला, मंगळवारी, कॅबिनेटपाशी गाडी लागलेली खिडकीतून दिसली. खाली गेलो. ठेकेदाराची एक बाई होती, पन्नाशीची, कमरेला हत्यारांचा पट्टा, एकटीच काम करत होती. मी म्हटलं, मी इथला जुना लाइनमन. तिने मला बसायला आपला डबा दिला, स्टूलसारखा. आम्ही बोलत बसलो. आता काढण्याचेही पैसे मिळतात म्हणाली, दर लाइनीमागे. मी माझ्या तारांची जोडी कुठली ते विचारलं, तिने बोट लावून दाखवली. जंपरला अजून मीच मारलेला टाका होता.

माझा चेहरा काहीतरी झाला असणार. ती म्हणाली, "काका, तुमची चालू आहे का? काही काम असेल तर राहू दे, मी हे टोक गुरुवारी संध्याकाळी काढते. माझं काय जातंय? यादीवर आज टिक करते."

गुरुवारी संध्याकाळी. मी मागितलं असतं तर यापेक्षा जास्त काही मागितलं नसतं. मी न मागता ती देत होती. आपल्या शिडीने त्या सहा जणांना दिलं तसं.

मी म्हटलं, "यादीत आहे ना? मग काढा."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काढली. हात इतका सराईत होता की मला दिसलंही नाही.

तू म्हणशील, कात्री ती कात्रीच, नियमाचा माणूस. तेच लिहायला बसलोय, की तसं समजू नकोस. नियम मनातही नव्हता. ती गुरुवार म्हणाली तेव्हा मला एवढंच दिसलं की गुरुवारी एक लहान पोरगी म्हणेल, आजी? आणि तिला टिचकीने उत्तर देता येणार नाही. मला बोलावं लागेल. मग त्याला कळेल की आई गेली, आणि हेही कळेल की मागच्या महिन्यात दहा मिनिटं तो कुणाशी बोलत होता. बाईने वायर ओढली तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? हायसं वाटलं. घरी येऊन राऊटर बघितला. दिवा गेला होता. मी जेवलो, व्यवस्थित जेवलो, आणि झोपलो. सकाळी उठल्यावर काय केलं ते ध्यानात आलं.

आणि आता लिहितोच आहे तर तेही लिहितो. तो रिपोर्टसुद्धा नियमासाठी नव्हता. त्या यादीवर खाली गटप्रमुख म्हणून माझी सही होती, तपासणी येणार होती, आणि निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. मी घाबरलो होतो. तुला तेव्हा तोंड वर करून सांगितलं, तू तुझं काम कर. अकरा वर्षं मला लोकांनी कडक म्हणून मान दिला आणि मी तो घेतला. हिला खरं माहीत होतं असं मला वाटतं.

काल कंपनीचं पत्र आलं. जोडणी बंद केली आहे, आपल्याकडून काहीही येणं नाही, इतकी वर्षं आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभारी आहोत. ज्या बिलासाठी आठ महिने जीव टांगणीला लावला होता ते असं सुटलं. वाचून ठेवून दिलं.

काल चार वाजता फोनसमोर बसलो होतो. रिसीव्हर उचलून कानाला धरला. तू टेस्टवर बसून म्हणायचास, मेलेल्या लाइनीलाही कान दिला की काहीतरी ऐकू येतं. मला काही आलं नाही.

तिकडे काही करता येईल का, असं तुला विचारत नाही. जमा झालेला नंबर परत मिळत नाही, हे तुला कळतं आणि मलाही. तो घरी येईल, असं तू समजूत काढायला लिहिशील. मी आहे तोवर येणार नाही म्हणाला होता, आणि आईच्या पोटचा आहे तो, शब्द मोडणार नाही. त्याला काल ती फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली असेल, हा नंबर अस्तित्वात नाही. पोरगी शेजारी उभी असेल. त्याला वाटेल, बाबांना कळलं आणि त्यांनी लाइन कापली. ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण तो वाट बघेल, हॅलोबा. आईने दुसरीकडून कुठूनतरी करावा म्हणून महिनाभर वाट बघेल, वर्षभर बघेल. ती करणार नाही. मग तो तिच्यावर रागावेल. म्हणेल, बाबांना घाबरली आणि मला टाकलं. जिने माझ्या पायाचे चार महिने सोडले तर नऊ वर्षं एक गुरुवार चुकवला नाही तिच्यावर तो रागावेल, आणि ती नाही हे त्याला सांगायला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि माझ्याजवळ आता लाइन नाही.

तू फोन करू नकोस. लिही, जमलं तर.

तुझा,
शिडीचा बाप